धुकं, ओला रस्ता आणि पहाटेची ग्रुप राईड: निघावं की गादीत लोळावं?

पौडरोडी

राम राम मंडळी,

गणपती झाल्यावर रोड बाईक घेतली आणि कोथरूडच्या बारा-चौदा जणांच्या ग्रुपात शिरलो. दर रविवारी पाच वीसला चांदणी चौक, मग भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट उतरून पौड. चहा-पोहे. परत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर वाटायचं, इतकी वर्षं रविवारी झोपून काय मिळवलं?

पण गेले तीन रविवार प्रकरण वेगळंच आहे. कडाक्याची थंडी असती तर निदान मिरवता तरी आलं असतं. ही थंडी ना धड थंडी. सतरा-अठरा अंश, आभाळ गच्च, झाडांखालून जाताना मानेवर टपटप, रस्ता काळाकुळकुळीत ओला आणि चष्म्यावर बारीक थेंब. जॅकेट घातलं की आतून घामाने भिजतो, काढलं की बाहेरून.

परवा घाट उतरताना ते पांढरे जाड पट्टे असतात ना, वेग कमी करायला मारलेले, त्यांच्यावर ब्रेक दाबला गेला. मागचं चाक वीतभर डावीकडे गेलं. पडलो नाही. पण माझ्या मागे दोन फुटांवर एक गडी होता, त्याच्या मागे आणखी तिघं. त्याने जी शिवी घातली ती इथे लिहिता येत नाही, आणि चूक त्याची नव्हती.

तर प्रश्न सरळ आहे. अशा हवेत, मिट्ट अंधारात, दहा-बारा जणांनी चाकाला चाक लावून जाण्यात शहाणपण आहे का? ग्रुपमधले म्हणतात, 'काही होत नाही रे'. घरून हुकूम आहे की उजाडल्यावर निघा. उजाडल्यावर निघालं तर भूगावात ट्रॅफिकच्या तावडीत सापडतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा (मागचा लाल चालेल).

नुसताच_वाचक

गादीत लोळावं. धागा संपला.

घाटवेडा

पौडरोडी, राग मानू नका, पण तीन महिन्यांत एकदा चाक सरकलं म्हणून राईड बंद करायची तर पावसाळ्यात काय कराल? आम्ही जुलैत ताम्हिणी करतो. ओल्या रस्त्याची सवय व्हावी लागते. पट्ट्यांवर ब्रेक लावायचा नसतो, पट्ट्यांच्या आधी लावायचा. आणि वेळेचं म्हणाल तर पाचलाच निघायचं. सिंहगडाला डोणज्याच्या बाजूने चढलात तर अर्ध्या वाटेत धुक्याच्या वर येता. खाली खडकवासल्याचं पाणी दिसत नाही, नुसता कापूस पसरलेला. ते बघायला सात वाजता निघून चालत नाही.

साखळी_उतरली

@घाटवेडा, जुलैतला पाऊस आणि डिसेंबरातली ही भुरभुर यांत फरक आहे. पावसाळ्यात महिनाभर धो धो झाल्यावर रस्ता धुऊन निघालेला असतो. आत्ता दोन-अडीच महिन्यांचं ऑइल, डिझेल, टायरची भुकटी आणि धूळ डांबरावर बसलीये, आणि वरून जेमतेम ओल. धुऊन जाण्याइतकं पाणी नाही, चिकट राड करण्यापुरतं आहे. पहिल्या वळवाला मोटरसायकलवाले कसे पटापट आडवे होतात, आठवा. ही हवा म्हणजे दर रविवारी पहिला वळीव.

सगळ्यात वाईट जागा माझ्या अनुभवाने: पांढरे पट्टे, झेब्रा क्रॉसिंग, ड्रेनेजची झाकणं, पुलावरच्या सांध्यांच्या लोखंडी पट्ट्या आणि पेट्रोल पंपासमोरचा तुकडा. यांच्यावरून जाताना सायकल सरळ ठेवायची, पाय थांबवायचे, ब्रेकला हात लावायचा नाही. बस.

टायरमध्ये हवा किती होती तुमच्या? पंपवाल्या काकांनी ठोकून शंभर भरली असेल तर चाक सरकणारच.

पौडरोडी

@साखळी_उतरली, ११०. टायरवर १२० लिहिलंय म्हणून मी आपला दहा कमी भरले आणि स्वतःला फार शहाणा समजलो.

साखळी_उतरली

टायरवर लिहिलेला आकडा 'याच्या वर जाऊ नका' असं सांगतो, 'इतकी भरा' असं नाही. वजन किती ते विचारत नाही, पण सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या माणसाला २८ मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये ७०-७५ पुष्कळ. २५ चा असेल तर ८०-८५. ओल्यात त्याहून पाचेक कमी. खड्ड्यात रिम आपटेल इतकी मात्र कमी नको.

पेठेतला

आमच्या वेळी टायर अंगठ्याने दाबून बघायचे. अंगठा दुखला की हवा बरोबर.

हवापाणी

थोडं हवेबद्दल लिहितो, कारण 'ना धड थंडी' ही तक्रार खरी आहे आणि तिला कारण आहे.

पुण्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते, पारा दहा-बारापर्यंत उतरतो, पाषाण-एनडीएकडे त्याहूनही खाली. बंगालच्या उपसागराकडून बाष्प आलं आणि ढग झाले की तेच ढग गोधडीसारखे वर बसतात. उष्णता अडकते, किमान तापमान सतरा-अठराच्या खाली जात नाही, आणि हवा दमट. म्हणजे तुमची 'बेकार' थंडी ही गोधडीखालची थंडी आहे.

दुसरी गंमत. निरभ्र रात्री दव पडतं ते गाडीच्या टपावर, गवतावर, सायकलच्या सीटवर. डांबर दिवसभराची ऊब धरून असतं म्हणून रस्ता बऱ्याचदा कोरडाच राहतो. पुलाला मात्र खालून जमिनीची ऊब नाही, तो वरून-खालून गार होतो. त्यामुळे सगळा रस्ता कोरडा आणि पूल तेवढा ओला, असं होऊ शकतं. ज्यांना वाटतं 'आज कोरडं आहे', ते पुलावरच घसरतात.

आणि धुकं बसतं खोलगट जागी आणि पाण्याकाठी. गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खाली साचते. भूगावात स्वच्छ होतं म्हणून पौडलाही असेल, हे गृहीत धरू नका.

नुसताच_वाचक

@हवापाणी, म्हणजे निसर्गालाही वाटतं की गोधडीत राहावं. माझा मुद्दा सिद्ध.

पहाटपाखरू

मी अशाच एका ग्रुपात चार वर्षं आहे. आमच्यात बायका तिघी. एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही ती बोलते.

राईड सुरू होते चांदणी चौकात, पण माझी राईड सुरू होते घराच्या फाटकात, पाच वाजता. तिथून चौकापर्यंतची ती पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट. रस्त्यावर कुणी नाही, धुक्यात दिव्यांचे नुसते पिवळे गोळे, आणि कुत्री. एकदा एका वळणावर चार कुत्री अंगावर आली, मी सायकलवरून उतरून सायकल मध्ये धरून उभी राहिले आणि बाटलीतलं पाणी मारत बसले. धुक्यात त्यांना मी उशिरा दिसले आणि मला ती. पळवत नेली असती तर नक्की पडले असते.

ग्रुपला हे सांगितल्यावर आधी 'अगं काही होत नाही' झालंच. मग एक दादा म्हणाला, मी तुझ्या बाजूनेच येतो, पाच मिनिटं लवकर निघेन. तेव्हापासून आम्ही चौकात नाही, गल्लीगल्लीतून जोड्या करत पोचतो. हे इतकं सोपं होतं!

दुसरं, पौडरोडी, तुमच्या ग्रुपात शेवटी कोण असतं? ठरलेलं माणूस असतं का? की जो दमला तो आपोआप शेवटी?

पौडरोडी

@पहाटपाखरू ताई, खरं सांगू का, जो दमला तो शेवटी. म्हणजे मी. मागच्या महिन्यात पिरंगुटच्या पुढे पुढच्यांचे लाल दिवे धुक्यात दिसेनासे झाले आणि पुढची पंधरा मिनिटं मी एकटाच. पौडला पोचलो तेव्हा मंडळींचा दुसरा चहा चालू होता.

पहाटपाखरू

मग तो ग्रुप नाही हो, ती एकाच वेळी निघालेली बारा माणसं आहेत.

रंकाळाकाठी

वरचं वाक्य लई भारी ताई.

कोल्हापुराकडनं बोलतोय. तुमच्याकडं नुसतं धुकं आणि पट्टे. आमच्याकडं डिसेंबर म्हंजे गळीत हंगाम. पहाटे कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की दोन्ही बाजूनं हात हात बाहेर. मागं लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर उसाखाली झाकलेला. पंचगंगेचं धुकं रस्त्यावर आलेलं. तुम्ही पंचवीसनं चाललाय आणि एकदम समोर हिरवी भिंत! ट्रॅक्टरवाल्यानं गाणी मोठ्यानं लावलेली असतात म्हणून वाचतो आपण. आधी गाणं ऐकू येतं, मग ट्रॉली दिसते. कुणी त्याला शिव्या देऊ नका, तो टेप म्हणजे आमचा इंडिकेटर हाय.

त्यात रस्त्यावर पडलेलं पाचट आणि चिरडलेली कांडी. दवानं भिजली की साबण. आमचा एक दोस्त पन्हाळ्याच्या रस्त्याला कांडक्यावरनं गेला, कॉलरबोन गेलं. दीड महिना घरी. म्हणून आता आमचा नियम: नोव्हेंबर ते मार्च उजाडल्याबिगर हायवे सोडून आत शिरायचं नाही. तोवर गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं, गप्पा हाणायच्या. कोण म्हणतंय सायकलिंग म्हंजे सायकलच चालवली पायजे?

नुसताच_वाचक

@रंकाळाकाठी, तुमच्या ग्रुपात जागा आहे का? सायकल नाही, पण दूध पितो.

घाटवेडा

सगळ्यांनी मला व्हिलन केलंय असं दिसतंय :) मी बेदरकारपणाची वकिली करत नाहीये. मुद्दा एवढाच की ग्रुपमध्ये चालवण्यात फायदा आहे. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की मागच्याची वीस-तीस टक्के ताकद वाचते. समोरून वारा असला तर तो एकटा माणूस पौडहून परत येताना रडतो. आणि अंधारात बारा दिवे एकत्र असले की ट्रकवाल्याला लांबून दिसतात. एकटादुकटा दिसत नाही. म्हणजे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही ग्रुपच बरा.

साखळी_उतरली

@घाटवेडा, दिव्यांचा मुद्दा मान्य. आडोशाचा मान्य, पण कोरड्यात. जरा हिशेब करा. ताशी पंचवीसने तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता. पुढच्याने काहीतरी पाहिलं, ब्रेक लावला, तुमच्या डोक्यात उजेड पडून बोटं हलेपर्यंत निदान पाऊण सेकंद. म्हणजे पाच मीटर गेले. तुमच्या आणि त्याच्यामध्ये अंतर किती? अर्धा मीटर. कोरड्यात हे चालून जातं, कारण सगळे साधारण एकाच दराने थांबतात. ओल्यात एकाचा डिस्क ब्रेक, एकाचा चाकाच्या कडेला रबर घासणारा रिम ब्रेक. रिमवाल्याच्या ब्रेकला आधी पाणी पुसावं लागतं, मग पकड येते. चाकाचे एक-दोन फेरे वाया. डिस्कवाला पुढे असेल आणि त्याने कचकन दाबला तर मागचा रिमवाला थेट त्याच्या पाठीवर.

आमच्याकडे साधा उपाय आहे. ओलं असलं की रिमवाले पुढे, डिस्कवाले मागे, आणि उतारावर प्रत्येकाने दोन सायकलींएवढं अंतर सोडायचं. सरळ रेषेत नाही, जरा तिरकं, म्हणजे चुकला तर बाजूने जायला वाट.

घाटवेडा

रिमवाले पुढे! हे कधी डोक्यात आलं नव्हतं. चोरतो.

डायनॅमोआजोबा

तुम्हा मुलांचं डिस्क आणि रिम वाचून मौज वाटली.

मी १९७२ साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागलो. राहायला नारायण पेठेत. भोंग्याच्या आत फाटकात पोचायचं म्हणजे पहाटेच निघायचं, रोज, रविवार सोडून. आणि आम्हीही ग्रुपनेच जायचो, फक्त त्याला ग्रुप राईड म्हणतात हे कळायला पन्नास वर्षं लागली. संगम पुलापाशी पेठांतले गडी एकत्र व्हायचे. तिथून पुढे शे-दोनशे सायकली. सगळ्यांचे डबे हँडलला लटकलेले, गळ्यात मफलर, कानटोपी.

नदीवर हिवाळ्यात धुकं असायचंच. सायकलीला बाटलीसारखा डायनॅमो, टायरला घासून फिरायचा. टायर ओला झाला की तो घसरायचा आणि दिवा जायचा. म्हणजे उजेडाची गरज असेल नेमका तेव्हाच अंधार! मग ज्याचा दिवा चालू त्याला सगळे पुढे घालायचे. सळईचे ब्रेक, चकचकीत लोखंडी रिम. ओल्यात त्या ब्रेकने सायकल थांबायची नाही, फक्त थोडी विचार करायची. आम्ही चप्पल रस्त्याला घासून थांबायचो. माझ्या उजव्या चपलेचा टाच डाव्या चपलेपेक्षा दोन महिने आधी झिजायचा.

एक सांगतो. तेव्हा कुणी मागे राहिला तर आम्ही थांबायचो, कारण त्याची हजेरी चुकली तर त्याचा पगार कापला जायचा. तुमचा मागचा माणूस पौडला उशिरा पोचला तर त्याचे फक्त पोहे गार होतात. म्हणून थांबत नसाल.

पहाटपाखरू

आजोबा, साष्टांग नमस्कार.

रंकाळाकाठी

'ब्रेकनं सायकल थोडी विचार करायची'... मेलो!

पेठेतला

आजोबा, टाच झिजायची, झिजायचा नाही. बाकी प्रतिसाद उत्तम.

डायनॅमोआजोबा

@पेठेतला, पेठ ओळखली.

डॉ_शिंक

दोन पैसे माझेही. दमट, बेताच्या गार हवेत चालवल्याने सर्दी 'होते' असं नाही, सर्दी विषाणूने होते. दम्याच्या माणसाला खरं तर कोरडी बोचरी थंडी जास्त त्रास देते, दमट हवा त्यामानाने सोसते. पण धुक्याच्या पहाटे आणखी एक भानगड असते. गार हवेचा थर खाली आणि उबदार वर, झाकण लावल्यासारखा. शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा, डिझेलचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. आणि तुम्ही नेमके तेव्हा चढावर तोंड उघडून श्वास घेत असता. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' या सेवेवर शहरातल्या हवेची पातळी दिसते, निघण्याआधी एक नजर टाकायला हरकत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी पंप खिशात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही.

आणि घामाचं. चढावर भिजायचं आणि उतारावर तसंच वारं खायचं, कुडकुडायला लागतं ते यामुळे. आतला बनियन सुती नको. सुती कापड पाणी धरून ठेवतं.

घाटवेडा

यावर रामबाण उपाय: वर्तमानपत्र. चढ संपला की जर्सीची चेन उघडायची, छातीवर दोन पानं सरकवायची, चेन लावायची. वारा लागत नाही, खाली पोचल्यावर फेकून द्यायचं. घाटांच्या शर्यतीतले जुने गडी हेच करायचे. मी सिंहगड उतरताना आजही करतो, गडावरच्या टपरीवाल्या मावशी भज्यांसाठी ठेवलेल्यातलं एक पान देतात. घरी गेल्यावर छातीवर शाईने उलटा मथळा उमटलेला असतो.

पेठेतला

पुरवणी वापरावी. मुख्य अंक वाचायचा असतो.

सिएटलवाला

इकडून वाचतोय. मंडळी, तुम्ही ज्याला 'अवेळी बिघडलेली हवा' म्हणताय तो आमचा ऑक्टोबर ते एप्रिल आहे. भुरभुर, ओला रस्ता, राखाडी आभाळ. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, तोही ऐकीव माहिती, दिसत नाही. सतरा अंश मात्र आमच्या जूनच्या सकाळीही नसतात, तेव्हा कृपया थंडी म्हणू नका.

इथल्या ग्रुपांत एक शिस्त आहे, ती मला फार आवडली. हिवाळ्यात मडगार्डशिवाय आलात तर कुणी हाकलत नाही, पण सगळ्यात मागे चालवायचं. कारण मडगार्ड तुमच्यासाठी नसतं, मागच्यासाठी असतं. तुमच्या मागच्या चाकाचं पाणी तुमच्या पाठीवर उडतं ते सोडा, ते मागच्याच्या थेट तोंडात जातं. आणि त्या पाण्यात काय काय असतं... आपल्या रस्त्यांवर म्हशीही असतात. नुसतं मडगार्डही पुरत नाही, त्याला खाली जमिनीपासून चार बोटांवर येईल इतकी लांब पट्टी लावायची. मी दुधाच्या प्लास्टिकच्या कॅनमधून कापून दोन स्क्रूने बसवलीये.

घाटवेडा

रोड बाईकला मडगार्ड?! लाखाची सायकल आणि तिला दूधवाल्यासारखं मडगार्ड? माफ करा, इथे मी उतरतो.

सिएटलवाला

@घाटवेडा, तुम्ही कायम पुढे असता ना? मग बरोबर. मागच्यांना विचारा.

पौडरोडी

@सिएटलवाला, कायम मागचा बोलतोय. शेणाची चव आता ओळखू येते. मडगार्डला माझं मत.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे हिवाळा म्हणजे हाच: वीस-एकवीस अंश, झाडांवरून दव ठिबकतंय, अंगाला चिकट. पणजीहून रायबंदरच्या जुन्या बांधावरून निघायचं. पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधलेला, तीनेक किलोमीटर अगदी सपाट, एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला खाजण आणि कांदळवन. पाण्यावरून धुकं सरकत रस्त्यावर येतं. फेरीत सायकल घालून चोडणला उतरलं की पक्षी आणि आपण.

पण तिथे खरा सायकलस्वार आम्ही नाहीच. तो पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला. साडेपाचला मागे भलीमोठी टोपली, निळ्या प्लास्टिकखाली पोयो आणि उंडे, हँडलला भोंगा. पोंक पोंक. ब्रेक एकच, दिवा नाही, आणि ओल्या वळणावर आमच्यापेक्षा झोकात जातो. मी एकदा त्याला विचारलं, घसरत नाही का तुम्ही? म्हणाला, घाई तुम्हाला आहे, मला घरं ठरलेली आहेत.

बीआरएमवाला

मुख्य प्रश्नाकडे येतो, कारण धागा पोदेराच्या टोपलीत गेलाय (भूक लागली).

मी ब्रेवे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या राईड. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला वीस. मोठ्या पल्ल्यांना रात्र ओलांडावीच लागते, त्यामुळे पुढचा-मागचा दिवा आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट याशिवाय रात्री चालवू देत नाहीत. रविवारच्या ग्रुपांत हे जॅकेट घातलं की पोरं 'पालिकेची गाडी आली' म्हणून हसतात. हसू द्या.

दिव्यांचं दोन वाक्यांत. धुक्यात पुढचा दिवा खाली झुकवा. समोर धरला तर उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो, पांढरी भिंत उभी राहते. मागचा लाल दिवा ग्रुपमध्ये स्थिर ठेवा, लुकलुकता फक्त शेवटच्याचा. नाहीतर मागचा माणूस तासभर डिस्कोत चालवतो.

आणि वेळ. तुम्ही पाच वीसला निघता, पुण्यात आत्ता सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणजे फटफटेपर्यंत तास-सव्वा तास अंधार. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो आणखी थोडा उशिराच होत जातो, बावीस डिसेंबरला लहान दिवस संपला म्हणून सकाळ लवकर होत नाही. सव्वासहाला निघालात तर घाट उतरायच्या वेळी फटफटलेलं असेल. भूगावचं ट्रॅफिक रविवारी साडेआठपर्यंत बरं असतं. पौड ऐवजी थोडं अलीकडून वळा.

पहाटपाखरू

+१. आणि सव्वासहाला कुत्रीही झोपलेली असतात.

हवापाणी

धुकं मात्र सूर्योदयाच्या आगेमागेच सगळ्यात दाट असतं, हे लक्षात ठेवून. उजाडलं म्हणजे विरळलं असं नाही.

बीआरएमवाला

@हवापाणी, बरोबर, पण उजेडातलं धुकं आणि काळोखातलं धुकं यांत फरक आहे. निदान ट्रॉली दिसते, गाणं ऐकावं लागत नाही.

पौडरोडी

मंडळी, दोन रविवार झाले, अहवाल देतो.

ग्रुपवर लिहिलं की सव्वासहा करू या. चौदापैकी आठ जण म्हणाले 'मग त्याला पहाट म्हणत नाहीत'. ते पाच वीसलाच गेले. आम्ही सहा जण सव्वासहाला. हवा ७५. मी दोनशे रुपयांचं मडगार्ड लावलं, सिएटलकरांच्या पट्टीसकट, पाण्याच्या वीस लिटरच्या जुन्या कॅनमधून कापली. दिसतं भयंकर. मुलगी म्हणाली, बाबा, सायकलला जीभ आली.

पहिल्या रविवारी भुकूमच्या पुढे धुकं इतकं होतं की पुढच्याचा शर्ट दिसेना. आम्ही ठरल्याप्रमाणे सुटे सुटे उतरलो, पांढऱ्या पट्ट्यांच्या आधी पुढचा 'पट्टेऽऽ' ओरडायचा आणि ते मागे मागे सहा वेळा पोचायचं. सगळ्यात मागे आमच्यातला सगळ्यात ताकदवान गडी, त्याने स्वतःहून घेतलं. कुणी हरवलं नाही. पुलाखालच्या उताराला एक टेम्पो दिवे न लावता आला तो चाळीस-पन्नास पावलांवर दिसला. पहाटे पाचला तो दिसला असता का, हा विचार मी मुद्दाम करत नाहीये.

काल तर आभाळ मोकळं होतं, बारा अंश, खडखडीत कोरडा रस्ता, आणि मुळा नदीवरचा पूल तेवढा ओला. @हवापाणी, पुलावर तुमची आठवण काढून पाय थांबवले.

पौडला पोचलो तर पाच वीसवाले आठ जण तिथेच बसलेले. दोघांचं पंक्चर, टायरला काच आणि ट्रकच्या टायरची तार चिकटलेली. अंधारात भोक सापडेना म्हणून उजाडेपर्यंत बसले होते. पोहे संपले होते. आमच्यासाठी नव्हे, त्यांनीच संपवले होते.

घाटवेडा

त्या आठांत मी नव्हतो, हे नोंदवून ठेवतो. पण आमच्या बाजूच्या ग्रुपात परवा रिमवाले पुढे घातले. आणि हो, मागच्या एकाच्या आग्रहावरून मीही एक पट्टी कापलीये. काळी. लांबून दिसत नाही.

सिएटलवाला

फोटो टाका!

घाटवेडा

मुळीच नाही.

पेठेतला

पौडरोडी, पुलाखाली उतार नसतो, पुलाकडे असतो. आणि पोहे कुठल्या टपरीवरचे ते लिहिलंच नाहीत, मुख्य माहिती तीच होती.

पौडरोडी

एसटी स्टँडच्या समोरची, निळा पत्रा. साडेसातच्या आत पोचा. पुढच्या रविवारी सव्वासहा, चांदणी चौक, पुलाखाली नाही, पेट्रोल पंपाच्या अलीकडे. ज्यांना मडगार्ड नाही त्यांनी शेवटी.

नुसताच_वाचक

सायकल नसलेल्यांनी कुठे?

पहाटपाखरू

पोह्यांची जागा धरायला. साडेसातच्या आत.